गाडीचे निदान

गेल्या महिन्यात ह्या सदराच्या एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस आले. त्या लिहितात, “घरी सासऱ्यांच्या वेळची मोटार आहे. तिच्याखाली रोज सकाळी तेलाचा डाग दिसतो. उन्हाळ्यात चढ लागला की पाणी उकळते. गॅरेजवाले म्हणतात, इंजिन उतरवल्यावाचून इलाज नाही. खर्चाचा आकडा ऐकून घरात दोन तट पडले आहेत. आपले मत कळवावे.”

मोटारविद्येत आमचा अधिकार तो काय! सारा जन्म शब्दरूपे आणि संधी घोकून घेण्यात गेला. तथापि नेमके हेच दुखणे २०१९ सालच्या वैशाखात आमच्या घरी येऊन गेले असून त्याने आम्हांस जो धडा दिला, तो चाळीस वर्षे दुसऱ्यांना धडे देऊनही आमच्या पदरी नव्हता. त्यात आमची एक चूकही आहे. ती झाकून उपदेश करणे बरे नव्हे, म्हणून तिच्यासकट सर्व हकीगत येथे सांगतो.

आमचे ज्येष्ठ बंधू, घरादाराचे दादा, साताऱ्यास डॉक्टर होते. खेडोपाडी रोगी पाहावयास जाता यावे म्हणून १९८४ साली त्यांनी अँबॅसिडर मोटार घेतली. मूळ विलायतेतील मॉरिस ऑक्सफर्डची ही धाकटी बहीण बंगालातील उत्तरपाडा येथे तयार होत असे. २०१४ साली तो कारखाना थांबला. चार सिलिंडरांचे, १४८९ सी.सी.चे तिचे पेट्रोल इंजिन गतीपेक्षा दमासाठी प्रसिद्ध. दादा २०१२ साली गेले. त्यानंतर गाडी राहिली ती वहिनींची आठवण म्हणून. आमच्या सूनबाई ती चालवीत. पण घरापासून मंडई, मंडईहून देऊळ आणि देवळाहून घर, एवढाच तिचा भूगोल उरला होता.

त्या वर्षी कुलदैवताच्या दर्शनास गुहागरी जाण्याचे ठरले. वहिनी म्हणाल्या, “दादांच्या गाडीनेच जाऊ.” जाताना सर्व घाट उतरणीचा, त्यामुळे काही जाणवले नाही. परतताना चिपळूण सोडले, पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाटाची चढण लागली. दुपारचा एक वाजला होता, गाडीत आम्ही पाच जण आणि पाठीमागे फणसांचे ओझे. तिसऱ्या-चौथ्या वळणावर उष्णतेचा काटा तांबड्या रेघेपलीकडे गेला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ फुसफुसू लागली. सूनबाईंनी गाडी कडेला घेतली.

आता आमची चूक. दादांचा एकोणीस वर्षांचा नातू बॉनेट उघडून उभा होता. तो म्हणाला, “आजोबा, थोडे थांबू या का?” घरातील वडीलधारे आम्ही, उन्हात खोळंबलेली मंडळी पाहून आम्हांस घाई झाली. आम्ही म्हणालो, “थांबून काय होणार? काढ झाकण, पाणी घाल.” आमच्या शब्दास घरात कोणी आडवे जात नाही, तोही गेला नाही. हातरुमाल ठेवून त्याने रेडिएटरचे झाकण फिरवले मात्र, उकळत्या पाण्याचा फवारा उसळला आणि त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

कोणी टूथपेस्ट शोधू लागले, कोणी बर्फ कोठे मिळेल म्हणू लागले. वहिनींनी मात्र, डॉक्टरांच्या घरात जन्म काढला असल्यामुळे, कोणाचे ऐकले नाही. प्रवासासाठी घेतलेले पिण्याचे सर्व पाणी त्यांनी त्याच्या हातावर संथ धार धरून ओतले. जवळून जाणारी एक जीप थांबवून तिच्यातील कॅनही मागून घेतला. भाजलेल्या जागी साधे गार पाणी वीस मिनिटे वाहते ठेवावे, पेस्ट, तूप, हळद, बर्फ ह्यांपैकी काहीही लावू नये आणि मग स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा, हाच आजही मान्य असलेला प्रथमोपचार आहे. जीपवाल्या भल्या माणसाने मुलास पाटणच्या दवाखान्यात पोहोचविले. हात वाचला, व्रण मात्र राहिला. तो व्रण आम्ही अजूनही रोज पाहतो.

हे असे का झाले, ह्याचा उलगडा प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात शेगडीवर बसलेला असतो. साधे पाणी १०० अंशांस उकळते. परंतु प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे ते सुमारे १२० अंशांपर्यंत तापूनही पाणीच राहते. रेडिएटरचे झाकण हे त्याच जातीचे. ते सात पौंडांचा दाब धरणारे असेल, तर आतील पाणी सुमारे १११ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण काढताच दाब जातो आणि तेच पाणी त्या क्षणी वाफ होऊन उसळते. शिटी न निवता कुकर उघडणाऱ्या मुलीस आपण रागावतो. आणि आम्ही तर भर घाटात तेच करावयास सांगितले होते!

म्हणून वाचकांनी हे पक्के ध्यानात धरावे. काटा चढू लागला की सावली पाहून थांबावे. वाफ येत असेल तर इंजिन बंद करावे, आणि ती ओसरेपर्यंत बॉनेटलाही हात लावू नये. निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. रेडिएटरची वरची रबरी नळी हातात धरवेल इतकी निवली, म्हणजेच जाड फडके घेऊन झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे, दाब जाऊ द्यावा, मग काढावे. कोरड्या पडलेल्या तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतले तर बीडाच्या ओतकामास तडा जाण्याचे भय असते. करिता ते थोडे थोडे, थांबून थांबून घालावे.

गाडी दुसऱ्या गाडीस बांधून साताऱ्यास आणली. एका गॅरेजात दाखविली. तेथील तरुणाने खाली वाकून पाहिले. इंजिन आणि गिअरबॉक्स जेथे जुळतात, तेथून तेल ठिबकत होते. तो म्हणाला, “मागचे सील गेले, हेडही गेले. तेल आणि पाणी दोन्ही जाते म्हणजे दुसरे काय? इंजिन उतरवून बोअर करावे लागेल.” आकडा असा सांगितला की, तेवढ्यात घराचे छप्पर शाकारून झाले असते.

घरात बैठक बसली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. १९८४ च्या गाडीची पाळी नेमकी त्याच साली आली होती. धाकटे बंधू म्हणाले, “भंगारात द्यावी.” आम्हीही मान डोलावली. ज्या गाडीपायी मूल भाजले ती दृष्टीआड व्हावी, असे आमच्या अपराधी मनास वाटत होते. आमच्या चुकीचा साक्षीदारच त्यामुळे नाहीसा होणार होता. वहिनी एवढेच म्हणाल्या, “भाऊजी, विकायची तर विका. पण तुमच्या दादांनी नाडी न पाहता कोणाला औषध दिले नाही. तिची नाडी तरी कोणी पाहिली का?”

ह्या बोलण्यावर उत्तर नव्हते. गावात एक वृद्ध मिस्त्री आहेत. त्यांचा मुलगा आमच्या हाताखाली शिकलेला. ते घरी आले आणि हत्यारांची पेटी न उघडताच पायरीवर बसून प्रश्न विचारू लागले. गाडी रोज किती चालते? पाणी सपाटीवर तापते की चढावर? तेल किती किलोमीटरांत किती उतरते? मागचे काम कोणी केले, काय केले? आम्ही जरा अधीर झालो, तेव्हा हसून म्हणाले, “मास्तर, मुलगा नापास झाला तर तुम्ही आधी त्याची शाळा बदलता की आधी वही बघता?”

आयुर्वेदात रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत: निदान म्हणजे मूळ कारण, पूर्वरूप म्हणजे रोग प्रकटण्यापूर्वीची चिन्हे, रूप म्हणजे प्रकट लक्षण, उपशय म्हणजे उपचार करून पाहिलेली परीक्षा, आणि संप्राप्ती म्हणजे रोग कोणत्या क्रमाने शरीरात पसरला ती साखळी. मिस्त्रींनी माधवनिदानाचे नावही ऐकले नसेल; परंतु त्या दिवशी त्यांनी केले ते नेमके हेच.

पूर्वरूप विचारताच सूनबाई म्हणाल्या, “दोन महिन्यांपासून सकाळी गाडी सुरू केली की चिरका आवाज येतो. मी मामंजींना सांगितले होते.” खरोखरच त्यांनी ते सांगितले होते, ‘म्हाताऱ्या गाडीचा स्वभावच तो’ असे म्हणून आम्हीच ते उडवून लावले होते. तो चिरका आवाज पंख्याचा पट्टा घसरल्याचा असतो. ह्या इंजिनात एकच पट्टा पंखा आणि पाण्याचा पंप दोन्ही फिरवितो. पट्टा घसरला की वाराही कमी आणि पाण्याचे फिरणेही मंद. सपाटीवर धावताना समोरच्या वाऱ्याने निभावते. घाटात गती थोडी आणि श्रम फार, तेथे उघडे पडते.

मिस्त्रींनी पट्टा बोटाने चाचपला. तो सैल तर होताच, पण तेलाने माखून गुळगुळीत झाला होता. येथे पहिली गाठ सुटली. तेल मागून गळत असेल, तर ते पुढच्या पट्ट्यावर कसे येईल?

त्यांनी रॉकेलने सारे इंजिन धुऊन कोरडे केले. मग वहिनींच्या फडताळातील तोंडास लावण्याच्या पावडरीचा डबा मागून घेतला आणि सांध्यासांध्यांवर पावडर भुरभुरली. इंजिन पंधरा मिनिटे चालविले. पांढऱ्या पावडरीवर तेलाची ओली रेघ स्वच्छ उमटली: ती पुढे, क्रँकच्या पुलीमागील सीलपाशी सुरू होत होती. तेथून तेल पट्ट्यावर उडे, आणि उरलेले पंख्याच्या वाऱ्याने इंजिनाच्या पोटाखालून मागे ढकलले जाऊन गिअरबॉक्सपाशी ठिबके. तेल जेथे पडते तेथेच ते गळते असे मानणे म्हणजे, पन्हळीखाली ओल दिसली म्हणून पन्हळीच्या तोंडाशी पाऊस पडला असे म्हणण्यासारखे आहे. पाणी खाली येते आणि तेलही खालीच येते. शोध मात्र वरून घ्यावा लागतो.

आम्ही म्हणालो, “मग नवे सील घाला.” मिस्त्री म्हणाले, “घालू, पण ते गेले का ते पाहू.” त्यांनी चालत्या इंजिनाच्या तेल घालण्याच्या तोंडावरील टोपण काढले. आतून भसाभस फुंकर आली. सिलिंडरातून थोडा वायू खाली झिरपतोच. तो बाहेर जावा म्हणून इंजिनास ब्रीदरची नळी, म्हणजे श्वासनलिकाच, दिलेली असते. ती काढून पाहिली, तो आत खरवसासारखा चिकट तपकिरी थर गच्च बसलेला! श्वास कोंडला की आतील दाब वाढतो आणि जो सांधा दुबळा, तेथून तेल बाहेर रेटले जाते. अशा इंजिनास शंभर नवी सीले घातली, तरी शंभर वेळा गळणार. नळी साफ करून पुन्हा चालवून पाहिले, तेव्हा फुंकर निमाली. हा उपशय. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या, तर नळी साफ करूनही फुंकर राहिली असती. बोअर करण्याची गरज नाही, हे तेथेच ठरले.

हा थर आला कोठून? येथे मूळ निदान सापडले, आणि ते ऐकून आम्ही मान खाली घातली. दादांच्या पश्चात कोणीतरी ‘आपल्या उष्ण देशात कशाला हवा’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला होता. इंजिन योग्य तेवढे तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप आहे. ती नसल्यामुळे, आणि फेरी मंडईपर्यंतचीच असल्यामुळे, इंजिन कधी पुरते तापतच नव्हते. न तापलेल्या इंजिनात जळणाची वाफ आत थिजते, तिचे पाणी तेलात मिसळते आणि राड होते. संप्राप्ती अशी: आराम आणि अर्धवट ऊब, त्यांतून राड, राडीने श्वास कोंडला, कोंडल्या दाबाने पुढून तेल फुटले, तेलाने पट्टा घसरला, पट्ट्याने पाणी उकळले. रोग एकच, आणि तो श्रमाचा नव्हे, आळसाचा होता.

नळी धुतली, पट्टा, पुढचे सील, थर्मोस्टॅट आणि तेल नवे घातले. पट्ट्याचा ताण असा ठेवला की, मध्यावर अंगठ्याने दाबता अर्धा इंच लवावा. झाकणाचे रबर चिरलेले होते, तेही बदलले. गॅरेजच्या आकड्याचा दहावा हिस्सादेखील खर्च आला नाही. मागून दोन-चार थेंब अजून पडतात. मिस्त्रींनी त्यास हात लावला नाही. ह्या जुन्या घडणीच्या इंजिनास मागे रबरी सील नसतेच. दांड्यावर कोरलेला मळसूत्री आटा तेल आत परतवितो, आणि थोडा घाम येऊ देतो. त्या घामासाठी इंजिन उतरविणे म्हणजे सुरकुत्यांसाठी शस्त्रक्रिया करणे होय.

आता पत्रलेखिका भगिनींसाठी सार. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा अंथरा आणि चाकांच्या खुणा त्यावर करा. सकाळी डाग कोठे व कसा आहे ते पाहा. काळपट तेल इंजिनाचे. दाट आणि उग्र वासाचे गिअरचे. चाकाजवळ पातळ, बुळबुळीत डाग असेल तर तो ब्रेकच्या तेलाचा समजावा, आणि अशी गाडी दुरुस्तीपूर्वी हलवू नये. रंगीत, पाण्यासारखा डाग कूलंटचा. ऑइलच्या पट्टीवरील पातळी दर आठवड्यास वहीत टिपा. पाचशे किलोमीटरांत थोडे उतरले तर चिंता नको. दर आठवड्यास अधिकाधिक उतरू लागले तर शोध घ्या.

पाण्याचे म्हणाल, तर ते केव्हा तापते ह्यातच अर्धे उत्तर असते. गर्दीत किंवा चढावर तापून सपाटीवर निवत असेल, तर पट्टा, पंखा आणि रेडिएटरच्या जाळीतील कचरा पाहावा. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाताना तापत असेल, तर रेडिएटर आतून क्षाराने बुजला असण्याचा, किंवा खालची नळी आत ओढली जाऊन चपटी होण्याचा संभव. सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत तापत असेल, तर पाणी कमी किंवा थर्मोस्टॅट बंद अडकलेला. विहिरीचे वा बोअरचे जड पाणी घालू नये. शुद्ध केलेले पाणी व कूलंट घालावे.

गंभीर खुणाही सांगतो, कारण प्रत्येक वेळी दैव आमच्याइतके अनुकूल असेल असे नाही. बाहेर डाग नसता पाणी कमी होत असेल, ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस असेल, तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, किंवा गार इंजिन झाकण काढून सुरू करता रेडिएटरात सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट गेल्याचा संशय खरा मानावा आणि खर्चास तयार व्हावे. तेलाच्या दाबाचा दिवा चालताना लागला, तर त्याच क्षणी इंजिन बंद करावे. अशा वेळी गॅरेजवाल्यास दोष देऊ नये. आमच्याही गॅरेजवाल्याचा दोष लबाडीचा नव्हता; त्याने पाहिले, परंतु विचारले नाही. आणि आम्हांस तर सांगितले होते, तरी आम्ही ऐकले नाही.

त्या साली नोंदणी नवी झाली. गाडी आता दर रविवारी कोरेगावापर्यंत जाऊन येते, कारण तिचे पथ्य चालणे हेच आहे. दादांचा नातू ती चालवितो. परवा विजेचा पंप बंद पडला, तेव्हा सवयीने आम्ही म्हणालो, “उघड रे ते!” तो उजव्या हाताची बाही खाली ओढीत म्हणाला, “आजोबा, आधी विचारू या ना, केव्हापासून बंद आहे?” आम्ही गप्प बसलो. पंपाजवळ सूनबाई उभ्या होत्या, त्यांना विचारले.